पान अकरावरचे बाबा

३ जून

ताई,

मायना काय लिहावा यात सकाळ गेली. 'प्रिय' लिहिलं तर खोटं वाटतं आणि 'मॅडम' लिहिलं तर हसू येतं. म्हणून नुसतं ताई. पाच वर्षांची होईपर्यंत मी तुला हेच म्हणत होते, नंतर काही म्हणायची वेळच आली नाही.

मी धाकटी. आठवत असेन असं धरून चालते.

पत्र कामाचं आहे. लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात मी मुद्रितशोधन करते, म्हणजे छापायला जाण्याआधी मजकुरातल्या चुका काढते. या नोकरीला वर्षही झालेलं नाही. नाव मिळवलेल्या बायकांची चरित्रं अशी आमची एक मालिका आहे: नट्या, गायिका, नर्तकी, खेळाडू. आठ ते दहा वर्षांची मुलं वाचणार, म्हणून वाक्यं छोटी आणि पानागणिक चित्र. मागच्या आठवड्यात माझ्या टेबलावर जो गठ्ठा आला, तो तुझा. तू माझी कोण ते ऑफिसात कुणालाच माहीत नाही. माझं लग्न टिकलं नाही, पण आडनाव टिकलं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नाही.

या पुस्तकांची एक ठरलेली चाल आहे. तिसऱ्या पानावर 'लहानपणापासूनच' हा शब्द येतो म्हणजे येतोच. गायिका पाळण्यातही सुरात रडते. नर्तकी चालायच्या आधी नाचते. तू पाळण्यातून उडी मारून बाहेर आलीस असं आमच्या लेखिकेनं ठोकून दिलं होतं, पण मुलं बघून करायला जातात म्हणून संपादकबाईंनी ते काढलं. तू अडथळ्यांच्या शर्यतीत धावायचीस हे तर लेखिकेला घबाडच मिळालं. गरिबीचा अडथळा, आजारपणाचा अडथळा, परीक्षेचा अडथळा. शेवटच्या प्रकरणात खरे अडथळे येतात तेव्हा वाचणारा दमलेला असतो.

आणि आमच्या बाईंचा एक नियम आहे. पुस्तकात मरण चालतं, काडीमोड चालत नाही. 'मुलांना मरण समजतं हो, भांडण समजत नाही,' असं त्या म्हणतात. मागच्या महिन्यात जिचं पुस्तक झालं त्या नटीचे तीन नवरे होते, आमच्या पुस्तकात एकही नाही. तिच्या मांजरांना मात्र चार पानं आहेत.

आता मुद्द्यावर येते. पान अकरा. 'ती आठ वर्षांची असताना तिचे बाबा गेले. आता घरात आई आणि ती, दोघीच उरल्या.' शेजारी चित्र आहे. खिडकीत मुलगी, बाहेर आभाळ, आभाळात एक मोठा तारा. ताऱ्याला मिशा काढायच्या तेवढ्या राहिल्यात. लेखिका म्हणते, वाक्य तुझ्याच मुलाखतीतलं आहे, तिनं पदरचं काही घातलेलं नाही.

मी हे लिहितेय आणि तो तारा पलीकडच्या खोलीत पायाची नखं कापतोय. मधूनमधून एखादं नख दारातून इकडे उडतं.

मी त्या ओळीसमोर समासात 'तपासावे' असं लिहिलंय. ते पान तुझ्याकडे येईल. तू त्यावर 'वडील हयात आहेत' एवढंच लिहून पाठव, बाकीचं मी बघते. पत्ता ऑफिसच्या फायलीतून घेतला, त्याबद्दल राग मानू नकोस.

घाई एवढ्यासाठी, की मला बोलल्याशिवाय राहवलं नाही आणि तुझं पुस्तक माझ्या हाताखाली आहे हे मी बाबांना सांगून बसले. आता रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत ते विचारतात, 'मी आलो का गं?'

मी म्हणते, 'अजून नाही.'

'पानं कमी आणि वाचतेस किती,' असं म्हणून ते टीव्हीकडे वळतात.

धाकटी


१० जून

ताई,

पान परत आलं. माझ्या 'तपासावे'खाली तुझ्या कचेरीतल्या कुणीतरी टाईप करून पाठवलंय, 'मजकूर मान्य आहे. धन्यवाद.' म्हणजे माझं पत्र तुझ्यापर्यंत पोचलं नाही, किंवा पोचलं आणि तू तोंडाला कुलूप लावलंस. दोन्ही शक्य आहे. पहिलं झालं असावं असं समजून पुन्हा लिहितेय.

मला राग आलाय का, ते मलाच नीट कळत नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपण जिभेनं हिरडी चाचपतो, तसं झालंय. काहीतरी तिथं आहे हे कळतं, लागत काही नाही. तुझं पुस्तक मी इतरांसारखंच वाचलं. ऱ्हस्वदीर्घ सुधारले, एका पदकाचं साल चुकलं होतं ते दुरुस्त केलं. 'दोघीच उरल्या' या वाक्यात मी कुठं बसते याचा विचार दुसऱ्या वाचनापर्यंत मनात आलाच नाही.

तुला तो दिवस किती आठवतो माहीत नाही. भर दुपार होती. आईनं दोन पिशव्या भरल्या आणि दारात उभं राहून, घरातली भांडी वाटून घ्यावीत तसं एवढंच म्हणाली, 'मोठी माझ्याकडे, लहानी तुमच्याकडे.' आवाज चढला नव्हता. बाबा रंगाच्या कामावरून नुकतेच आले होते, त्यांच्या कोपरापर्यंत पिवळा रंग होता. ते म्हणाले, 'हात धुऊन येतो, मग बोलू.' ते हात धुऊन आले तेव्हा जिना रिकामा होता. तो रंग घासलेटाशिवाय जात नाही, त्यामुळे त्यांना वेळ लागला.

म्हणजे बघ, बाबा कुठंच गेले नाहीत. गेलात तुम्ही दोघी. ते त्याच घरात आहेत. त्याच जिन्याचा कठडा दर दोन वर्षांनी स्वतः रंगवतात, कुणी सांगितलेलं नसताना. हल्ली डावा हात थोडा कमी चालतो, म्हणून मागच्या वेळी कठड्याची आतली बाजू राहिली.

पान सातवर लिहिलंय की उडी मारायला तुला शाळेतल्या सरांनी शिकवलं. सरांचं श्रेय मला काढायचं नाही. पण गॅलरीत रंगाचे डबे दोन-दोन मांडून त्यांच्यावर ब्रशाची काठी आडवी कुणी टाकली होती? काठी पडली तरी चालेल, डबा लवंडला तर तुझी आई मला लवंडेल, असं कोण म्हणायचं? मी लहान होते म्हणून माझ्यासाठी नुसती काठी जमिनीवर ठेवायचे. मी तीही अडखळून पाडायची, जमिनीवरची.

आई वारल्याचं मला पेपरातून कळलं. तुझ्या नावाची बातमी होती, 'मातृशोक' असा मथळा. बाबांना मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'कशानं?' मी म्हटलं, लिहिलेलं नाही. त्यानंतर दोन दिवस ते कमी जेवले.

ताई, मला तुझ्याकडून दुसरं काही नको. भेट नको, फोटो नको. एका माणसाला एका ओळीत जिवंत ठेवायचंय. त्यांचं वय झालंय, वाचायला आता भिंग लागतं, तरी या पुस्तकाची वाट बघत बसलेत. स्वतःला त्यात शोधायला ते पान उलटतील आणि तिथं तारा असेल.

उत्तर दे. हो किंवा नाही.

धाकटी


१८ जून

ताई,

तुझा फोन येऊन गेल्यावर मी बराच वेळ खोडरबर हातात धरून बसले होते. तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता लिहिते.

आमचं ऑफिस म्हणजे एक खोली आणि चार टेबलं. फोन संपादकबाईंच्या कोपराशी असतो. 'तुमच्यासाठी आहे,' असं म्हणून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला आणि त्या तिथंच बसून राहिल्या. तू म्हणालीस, 'मी बोलतेय.' आवाज टीव्हीवर येतो तोच. मी तो इतकी वर्षं ऐकलाय, की क्षणभर वाटलं कुणीतरी टीव्ही लावलाय.

तू पहिलं काय विचारलंस ते तुला आठवत असेल. 'ते आहेत?'

मी म्हटलं, 'हो मॅडम. पान अकरावरचे आहेत. व्यवस्थित आहेत.'

'मॅडम काय म्हणतेस?'

'समोर माणसं आहेत, मॅडम.'

मग लाइन कटली असं वाटून मी फोन हलवून पाहिला.

आतापर्यंत मी समजत होते, तुला माहीत आहे आणि तू मुद्दाम तसं म्हणतेस. तुला माहीतच नाही हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 'आई म्हणायची, खोटं बोलायचं नाही, कुणी विचारलं तर बाबा गेले एवढंच सांगायचं,' असं तू म्हणालीस. 'गेले म्हणजे काय, ते मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं ना!' हे तू थोडं ओरडूनच म्हणालीस. बाईंनी मान वर करून पाहिलं. मी म्हटलं, 'हो मॅडम, बरोबर आहे, विरामचिन्हांचं बघते.'

आई भलतीच हुशार होती. एकच शब्द असा निवडला की तिला देवासमोरही खोटी ठरवता येणार नाही. समोरच्यानं डोळे पुसले तर तो त्याचा प्रश्न.

आणि मग वसतिगृहाचं सांगितलंस. खेळाडू मुलींच्या वसतिगृहात वडील नसलेल्या मुलींसाठी काही जागा असतात, त्यातली एक तुला मिळाली. तिथं जेवण, तिथं मैदान, तिथंच तुझे पुढचे सर. ती जागा नसती तर तू आज शिवणकाम करत असतीस. मला हे ठाऊक नव्हतं. आता तू त्याच वसतिगृहाच्या समितीवर आहेस, कुठली मुलगी घ्यायची ते तू ठरवतेस. मागच्या वर्षी एका मुलीचे वडील जिवंत निघाले म्हणून तिचं नाव तूच काढलंस. हे तू इतकं सपाट आवाजात सांगितलंस की मला बाबांची आठवण झाली. तेही असंच बोलतात, भाजीत मीठ नाही आणि शेजारचा वारला, दोन्ही एकाच सुरात.

'आता हे बाहेर आलं तर मी कुठं तोंड दाखवू?' असं तू विचारलंस. मी बाईंकडे पाहिलं. तू म्हणालीस, 'तू चुका काढतेस ना? तेवढ्याच काढ.'

मी म्हटलं, 'हीच चूक आहे, मॅडम.'

'मग राहू दे ती,' असं म्हणून तू फोन ठेवलास.

मला तुझी अडचण कळली. खरंच कळली. म्हणून एक वाट काढून बघितली. 'गेले'च्या जागी 'दुरावले' टाकलं तर ओळ तेवढीच राहते, कुणी खोटं ठरत नाही, चित्रातला तारा नुसता तारा म्हणून राहू शकतो. तुझं नाव न घेता मी बाईंना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, 'नको हो. दुरावले म्हटलं की मूल विचारतं, का दुरावले? गेले म्हटलं की विचारत नाही.' चाळीस वर्षं मुलांची पुस्तकं काढतायत, त्यांना कोण काय सांगणार.

घरी गेल्यावर बाबांनी विचारलं, 'आलो का?' मी म्हटलं, 'तुमचं पान लेखिकेकडे परत गेलंय, काहीतरी बदल आहे.' ते म्हणाले, 'चांगलं लिहीत असतील तर घेऊ दे वेळ.'

धाकटी


२५ जून

ताई,

बाबांनी वाचलं.

मी बाजारात गेले होते आणि तुझ्या पुस्तकाच्या पानांची पिशवी खुर्चीवर राहिली होती. परत आले तर सगळी पानं पलंगावर नीट ओळीनं मांडलेली, आणि मध्ये भिंग घेऊन बाबा. मी दारातच थांबले. माझ्या हातातली भाजी घ्यायला ते नेहमी उठतात, आज उठले नाहीत.

'कशानं गेलो मी?' त्यांनी विचारलं. 'लिहिलं नाही कुठं.'

मी भाजी खाली ठेवली.

'आजारी होतो का अपघात? अपघात असावा. आजार असता तर हिनं सेवा केली असं लिहिलं असतं.' असं म्हणून ते भिंग पुसायला लागले. 'आणि ही खिडकी कुठली? आपल्या घराला अशी खिडकी कधी होती?'

मी खाली बसले आणि जे होतं ते सगळं सांगून टाकलं: तुझा फोन, आईचा शब्द, वसतिगृह, समिती. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते ऐकत होते. वसतिगृहाचं ऐकल्यावर त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं, काय काय मिळायचं तिथं, जेवण कसं होतं. मला कुठं माहीत! मी म्हटलं, दूध असायचं म्हणे रोज.

'मग बरं झालं की,' बाबा म्हणाले. 'जिवंतपणी मी हिला रोज दूध देऊ शकलो नसतो.'

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुला त्यांच्याच शब्दांत लिहिते. तू पहिली मोठी शर्यत धावलीस, तेव्हा ते स्टेडियमवर गेले होते. मी दहावीत होते, मला सांगितलं होतं रंगाचं काम आहे. सगळ्यात वरच्या पायरीवर उन्हात बसले. तू सुरुवातीच्या रेषेवर आलीस तेव्हा भोंग्यावरून एक माणूस सांगायला लागला, ही कोण, कुठली. 'म्हणाला, लहानपणीच वडिलांचं छत्र हरपलं. आणि सगळं स्टेडियम टाळ्या वाजवायला लागलं. माझ्या शेजारी एक बाई होती, तिनं डोळ्याला पदर लावला. मला म्हणते, अहो वाजवा की टाळ्या. मग मीही वाजवल्या.' हे सांगताना बाबा हसत होते. 'स्वतःच्या मरणाला टाळ्या वाजवलेला माणूस बघितलास का कधी?'

म्हणजे इतकी वर्षं त्यांना माहीत होतं. रोज 'मी आलो का' विचारायचे, ते छापलं कसंय एवढंच बघायला.

मी म्हटलं, 'बाबा, मला सांगितलं का नाही?'

'तुझी परीक्षा होती.'

'ती संपली की.'

'मग तुझं लग्न होतं,' ते म्हणाले. 'मग तुझं ते मोडलं. सवड कुठं दिलीस तू मला?'

मला हसू आलं आणि छातीत काहीतरी दुखलं. इतक्या दिवसांनी काहीतरी दुखलं, म्हणून मी तशीच बसून राहिले.

पण ताई, पत्र यासाठी नाही. पुढे जे झालं त्यासाठी आहे. बाबांनी पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली. एकेक पान डोळ्यांजवळ धरून, चित्रांच्या कोपऱ्यातसुद्धा बघत होते. मला वाटलं, स्वतःला शोधतायत. शेवटचं पान ठेवलं आणि एकदम चिडले. मी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलेलं नाही, आई गेली तेव्हाही नाही.

'माझं एक जाऊ दे,' ते म्हणाले, 'पण ही कुठाय? हिला कुठं घातली?'

'कुणाला?'

'तुला!' त्यांचा कमी चालणारा हातसुद्धा वर उठला. 'मला मारलं ते समजलो मी. त्यातून पोरीला दूध मिळालं. तुला काढून कुणाला काय मिळालं?'

मी म्हटलं, 'बाबा, पुस्तक लहान आहे. बहिणींना जागा नसते. आमच्या कुठल्याच पुस्तकात नसते.' हे खरंही आहे. गायिकेला पाच भाऊ होते.

ते ऐकायला तयार नव्हते. मला म्हणाले, घे कागद, मोठीला लिही. तर लिहिते. 'मला आहे तसाच ठेव. गेलेला. त्याला हात लावू नकोस, तुझं काही बिघडता कामा नये. पण धाकटीला आण. एक ओळ पुरे. तिच्या काठीला सगळ्यात जास्त धक्के लागले.' हे शेवटचं वाक्य नको असं मी म्हणत होते, पण ते म्हणाले, लिही.

मी मागितलं होतं ते वेगळं होतं. मला ते हवे होते त्या पानावर. आता त्यांनीच हात वर केले. मी कुणाशी भांडू?

धाकटी


४ जुलै

ताई,

तुझं पान आलं. या वेळी कचेरीचं टाईप केलेलं काही नव्हतं, शाईनं लिहिलेली एकच ओळ, पान अकराच्या खालच्या रिकाम्या जागेत. 'तिला एक धाकटी बहीण आहे.' ओळ सरळ आलेली नाही, शेवटी थोडी खाली उतरलीय. तुझं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. 'ध' आपल्या दोघींचा सारखाच येतो.

बाबांच्या वाक्याला तू हात लावला नाहीस. त्यांनी सांगितलं तसंच केलंस.

आता बघ. आमची सगळी पुस्तकं भूतकाळात असतात. होती, गेली, धावली, जिंकली. बाई जिवंत असली तरी पुस्तकात ती होतीच. मध्येच 'आहे' आलं तर ते 'होती' करणं हे माझं काम, त्याचाच मला पगार मिळतो. मी पेन्सिल घेतली, 'आहे'वर टेकवली, आणि पुन्हा उचलली. ओळ तशीच पुढे पाठवली.

आज सकाळी संपादकबाईंनी हाक मारली. 'अहो, सगळं पुस्तक भूतकाळात आणि इथं "आहे"? तुमच्या नजरेतून सुटलं कसं?'

'सुटलं नाही,' मी म्हटलं. 'ठेवलंय.'

'का?'

'ती आहे म्हणून.'

'कोण?'

'बहीण,' मी म्हटलं. 'म्हणजे मीच.'

चित्रकारानं ब्रश पाण्यात बुडवला तो तसाच धरून ठेवला. बाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकातल्या तुझ्या चित्राकडे. नाक सारखं आहे का ते बघत असाव्यात. 'महिनाभर हे पुस्तक तुमच्यासमोर आहे,' त्या म्हणाल्या, 'आणि एक शब्द नाही?' मग त्यांचं बोट हळूहळू वर सरकलं, पहिल्या ओळीवर. 'म्हणजे हे तुमचेही वडील.'

'हो.'

'आणि ते…'

ताई, महिनाभर मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. कुणीतरी विचारावं आणि मी सांगावं, ते कठडा रंगवतात, नखं उडवतात, भिंगातून माझं नाव शोधतात. एका वाक्यात सगळं मोकळं झालं असतं. बाईंनी चित्र बदललं असतं, वाक्य बदललं असतं, त्या सरळ स्वभावाच्या आहेत. आणि उद्या तुझ्या समितीत कुणीतरी ते पुस्तक हातात घेऊन उभं राहिलं असतं.

'गेले,' मी म्हटलं.

बाईंनी माझा हात हातात घेतला. 'तुम्ही तर केवढ्याशा असाल तेव्हा,' त्या म्हणाल्या. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. चित्रकार म्हणाला, तारा थोडा अजून मोठा करू का? मी म्हटलं, नको, आहे तेवढा पुरे. मला काहीच वाटत नव्हतं. बाईंना ते दिसलं असावं, कारण त्यांनी मला घरी जायला सांगितलं.

दुपारी मी कधी घरी नसते. कुलूप उघडलं तर आत कुणी नाही. पलंग आवरलेला, टीव्ही बंद, फोन फळीवर. चपला नाहीत. न्हाणीघरात पाहिलं, गॅलरीत पाहिलं, जिन्यावरून खाली हाक मारली. शेजारणीला विचारलं, तिनं पाहिलं नव्हतं. मग मी परत आले आणि त्यांच्या पलंगावर बसले. घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. कधी रिकामं सापडलंच नव्हतं मला ते, मी पाच वर्षांची असल्यापासून.

आणि तिथं, ताई, ते आलं. दारात दोन पिशव्या दिसल्या तेव्हा आलं नव्हतं ते, आईची बातमी वाचली तेव्हा आलं नव्हतं ते. मी ऑफिसात काय बोलून आले ते मला तिथं बसल्यावर ऐकू आलं. मी त्यांची उशी पोटाशी धरली आणि मोठमोठ्यानं रडले. खाली ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

जिन्यावर पावलं वाजली. बाबा दारात आले, केस बारीक कापलेले, मानेवर पावडर. मला बघून दचकले. 'तू कशी आज?'

मी त्यांच्या अंगावर धावून गेले. 'कुठं गेला होतात? फोन ठेवून जायचं असतं का? सांगून जाता येत नाही? चिठ्ठी लिहिता येत नाही?' काय काय बोलले मला आठवत नाही. त्यांनी बोलू दिलं. ते दारालाच टेकून उभे होते, चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवायला बघत होते आणि मी तो झटकत होते.

'अगं, जरा गेलो होतो,' ते म्हणाले. 'आलो ना.'

आता ते आत झोपलेत. मी त्यांना पान अकरा दाखवलं, तुझी ओळ. त्यांनी 'आहे'वर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'मोठीचं अक्षर बिघडलंय.' पान मला परत दिलं नाही, उशीखाली ठेवलं. उद्या छापखान्यात दुसरी प्रत द्यावी लागेल.

आज मी जो शब्द बोलले तो एक दिवस मला पुन्हा बोलावा लागणार आहे, तेव्हा तो खरा असेल, आणि मी तो तुला फोनवर सांगेन. त्याच्या आधी ये.

तुझी
धाकटी